वाटणीत गेलेली पानं

आमची पोथी दोन घरांत राहते. निम्मी आमच्याकडं, पाटण तालुक्यातल्या गावात, आणि निम्मी माझ्या चुलत्यांकडं, सांगलीत. आप्पा म्हणजे माझे वडील आणि तात्या म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. या दोघांची वाटणी झाली तेव्हा पंचांनी जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, पितळेची भांडी वाटली आणि शेवटी ही रामकथेची चित्रांची पोथी उरली. पोथी सुट्या पानांची. पंच उपाशी होते, उन्हं डोक्यावर आली होती. एकानं कलिंगड कापावं तशी ती मधोमध धरली आणि दोन लाल रुमालांत बांधून दोघांच्या हातात दिली. मधोमध म्हणजे कुठं, हे बघायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. सीतामाईला पळवून नेलं आणि बागेत बंदिवासात बसवलं, इथपर्यंतची पानं आमच्या वाटणीला आली. मारुती अंगठी घेऊन येतो तिथपासून पुढं पूल, लढाई, सुटका, राज्याभिषेक सगळं तात्यांकडं गेलं.

यात बिघडलं काय, असं कुणीही विचारेल. बिघडतं ते पारायणात. पाडव्यापासून रामनवमीपर्यंत आमच्या घरी रोज सकाळी ही पोथी वाचतात. प्रत्येक पानाच्या एका अंगाला चित्र, दुसऱ्या अंगाला ओव्या. वाचणारा पाटावर मांडी घालून बसतो आणि पान दोन्ही हातांनी उभं धरतो. अक्षरं त्याच्याकडं, चित्र लोकांकडं. म्हणजे वाचणाऱ्याला चित्र कधी दिसतच नाही. पाटावर बसणारं माणूस घरातलंच लागतं. आणि आमच्या घराण्याचा नियम असा की हरण, मरण किंवा बंदिवास चालू असताना थांबायचं नाही. शुभ चित्र येईपर्यंत पाट रिकामा सोडायचा नाही. सहाव्या दिवशी बंदिवासाचं पान आलं की त्याच बैठकीत मारुतीचं पान दाखवायलाच लागतं, आणि ते पान सांगलीत.

सुरुवातीला अडचण नव्हती. तात्या रुमाल काखेत मारून पारायणाला येत, दोघं भाऊ शेजारी बसत. अकरा वर्षांपूर्वी ते बंद झालं. त्या साली वाचायला आप्पा होते. बंदिवासाचं पान हातात आणि लाईट आली. चैत्रात लाईट येणं म्हणजे काय, हे ज्याचा ऊस पाण्यावाचून सुकतोय त्यालाच कळेल. दहा मिनिटांत मोटर चालू करून येतो म्हणाले आणि आप्पा पाटावरून उठले. आले, हातपाय धुतले, पुढचं पान वाचलं. महिन्याच्या आत माझी आई गेली. दहाव्याला नदीवर, सगळ्या भावकीसमोर तात्या म्हणाले, "दादा, तू पाट सोडलास."

एवढंच म्हणाले. पण त्या दिवसापासून आप्पा भावाशी एक शब्द बोलले नाहीत आणि पाटावर पुन्हा बसले नाहीत. माझा भाऊ फौजेत, त्याला रजा मिळेल तशी तो वाचायचा. गेली तीन वर्षं त्याला चैत्रात रजाच मिळाली नाही, म्हणून मी वाचते. बाईनं पाटावर बसावं का, यावर गावात थोडी कुजबुज झाली. आप्पांनी एकदा मिशीवरून हात फिरवला आणि ती थांबली. तात्यांचा रुमाल तेवढा दर साली येत राहिला. सहाव्या दिवशी सकाळी सव्वासातच्या एसटीनं, कंडक्टरच्या हाती. आम्ही सहाला वाचायला बसायचं, सातच्या सुमारास बंदिवासाला पोचायचं, तोवर रुमाल दारात. मधल्या दहा वर्षांत एकदाही चुकला नाही, त्यामुळं आदल्या दिवशी मागवून ठेवावा असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आमची अक्कल ही अशी.

यंदाच्या सहाव्या दिवशी मला सांगलीला जायचं होतं. मी चित्रकलेची शिक्षिका. आई गेल्यापासून आप्पांजवळ राहिले आणि तालुक्याच्या शाळेत तासांवर शिकवत आले. आज तास आहे, उद्या नाही, असलं काम. लग्नाचं राहून गेलं, त्याचं मला फार वाईट वाटत नाही. नोकरीचं वाटायचं. अडतिसाव्या वर्षी सांगलीच्या एका शाळेत पक्की नेमणूक मिळाली. पत्र सोमवारी आलं, हजर व्हायची मुदत गुरुवार संध्याकाळ. मंगळवार आणि बुधवार साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये फिटनेसच्या दाखल्यासाठी रांगेत गेले. रोज पहाटे वाचायचं आणि मग सातारा गाठायचं. बुधवारी संध्याकाळी दाखला हातात पडला तेव्हा मी स्टँडवर उभ्या उभ्या दोन कप चहा प्यायले. गुरुवारी साडेपाचला सांगलीतलं ऑफिस बंद होण्याआधी सही झाली नाही, तर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार, असं पत्रात स्वच्छ लिहिलेलं होतं. गुरुवार म्हणजे पारायणाचा सहावा दिवस. वाचून नऊची एसटी धरायची, असं मी ठरवलं.

सव्वासातची एसटी आली आणि गेली. मी पान धरून बसलेली. समोर हॉलमध्ये पंधराएक माणसं, बहुतेक बायका. शेजारची काकू फाट्यापर्यंत जाऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "कंडक्टर म्हनतोय, आज कुणी काय दिलं न्हाई."

मी तात्यांना फोन लावला. उचलेनात. चौथ्यांदा उचलला.

"तात्या, रुमाल?"

"यंदा पाठवत न्हाई गं पोरी. मी सोता घिऊन येनार."

"मग या की. कुठं आहात?"

"घरात. दादानं ये म्हनलं की निघतो."

"तात्या, मी पाटावर बसलेय. बंदिवासाचं पान हातात आहे माझ्या."

"म्हनूनच म्हनतोय," असं म्हणाले आणि फोन ठेवला.

म्हणजे मला ओलीस धरलं होतं! मी आप्पांकडं बघितलं. ते माझ्या बरोब्बर समोर, भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसले होते. गुडघ्यांमुळं त्यांना खाली बसवत नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आप्पा, एक शब्द बोला त्यांच्याशी. ये म्हणा नुसतं."

"न्हाई."

"माझी गाडी आहे नऊची."

"हाय ठाऊक." मग जरा वेळानं म्हणाले, "पोस्ट सोडायची न्हाई."

पाटालाही पहाऱ्याची पोस्ट म्हणणाऱ्या, वीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाशी काय वाद घालणार? आणि खरं सांगायचं तर त्यांच्या तोंडाकडं बघून वाद घालवत नव्हता. हवालदार म्हणून निवृत्त झालेला, कुणाला न भिणारा माणूस, आणि मी नुसती मांडी बदलली तरी त्याचे हात खुर्चीच्या दांड्यावर आवळत होते. त्याला वाटत होतं, ही उठणार. ही उठली की हिचंही काहीतरी होणार.

नऊची एसटी गेली. मी तिचा हॉर्न ऐकला.

त्यानंतर प्रत्येकाला उपाय सुचायला लागले. भावकीतली एक सून म्हणाली, त्या पानाचा फोटो मागवू व्हॉट्सॲपवर, टीव्हीवर मोठा करून दाखवू. तात्यांनी पुन्हा फोन उचललाच नाही. एक निवृत्त गुरुजी छापील पोथी घेऊन आले. आप्पा म्हणाले, चित्र कुठाय तिच्यात? काकू म्हणाली, "मारुतीरायाला यष्टी मिळाली न्हाई वाटतं. तू चित्रं काढतीस न्हवं? काढ की एक मारुती." मला ते पटलं. फिटनेसच्या दाखल्याच्या झेरॉक्समागं बॉलपेननं मी मारुती काढला, झाडावर बसलेला, हातात अंगठी. बरा जमला होता. कागद हातोहात आप्पांपर्यंत गेला. त्यांनी तो चष्मा लावून नीट बघितला.

"झ्याक हाय," म्हणाले. "पन त्यो पोथीतला न्हवं." आणि घडी करून खिशात ठेवला.

साडेदहापर्यंत लोक पांगले. काकू तेवढी राहिली. तिनं मला पाणी दिलं आणि लगेच काढून घेतलं, "लय पिऊ नगं, उठता यायचं न्हाई." ही अडचण तोवर माझ्या लक्षात आली नव्हती. तिनं सांगितल्यापासून दुसरं काही सुचेना.

मग मी एक गोष्ट केली जी पाटावरून कुणी करत नाही. पान फिरवून चित्र स्वतःकडं घेतलं.

लहानपणापासून मी ते समोरून बघितलं होतं, आईच्या मांडीवरून. जवळून इतका वेळ कधीच नाही. लालभडक जमीन, हिंगुळाची. पिवळं ऊन हरताळाचं. राखण करणाऱ्या राक्षशिणी नऊवारीतल्या, कासोटा घातलेल्या, नाकात नथी, आमच्याकडच्याच वाटतात. एक तर हुबेहूब काकू. झाडांना घातलेला हिरवा मात्र तांब्याच्या गंजाचा. हा रंग वर्षानुवर्षं खालचा कागद जाळत जातो. झाडं तपकिरी पडली आहेत आणि पानापानाच्या कडेनं कागद तुटून चाळण झाली आहे. मी मध्ये बटर पेपर घालून ठेवते, पण जळायचं थांबत नाही. सीतामाई ज्या झाडाखाली बसली आहे ते झाड जवळपास गळूनच पडलंय. भोकातून मला समोर आप्पांचं धोतर दिसत होतं.

आणि त्या बागेला भिंत नव्हती. मी नीट शोधली. कुंपण नाही, दार नाही, कुलूप नाही. चितारी आळशी नव्हता, त्यानं राक्षशिणींच्या बांगड्यासुद्धा एकेक मोजून काढल्या होत्या. पण अडवायला त्यानं काही म्हणता काही काढलेलं नव्हतं. चार बायका बसलेल्या आणि मध्ये ही बसलेली. मला इतका राग आला, की वाटलं हे पान इथंच मोडून टाकावं. कुणावर आला ते सांगता येत नाही. चिताऱ्यावर, पंचांवर, तात्यांवर. सगळ्यात जास्त माझ्यावर. मी शिकलेली बाई. आई रक्ताच्या आजारानं गेली, हे मी डॉक्टरच्या कागदावर वाचलेलं. पाटाचा आणि रक्ताचा काय संबंध? आणि तरी माझी मांडी सुटत नव्हती.

साडेअकराची गाडी गेली. आता शेवटची एकची. ती साडेचारला सांगलीत पोचते. त्यानंतरची धरून उपयोग नव्हता.

बारा वाजता मी बोलले. आवाज चढला माझा, काकू आत निघून गेली.

"आप्पा, एकच्या गाडीला मी उठणार. अकरा वर्षं मी या घरात राहिले. तुम्ही राहा म्हणाला नाहीत, पण जा असंही कधी म्हणाला नाहीत. आज ही सही झाली नाही तर मी जन्मभर इथं तासांवर शिकवणार, आणि तुमच्या डोळ्यांसमोर म्हातारी होणार. तुम्ही भावाला ये म्हणू शकता. नाहीतर इथं येऊन बसू शकता. दुसरं कुणी नाही. मी एकला उठणार."

उठले असते का? देवाशपथ, मला आजही ठाऊक नाही.

आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. साडेबारा झाले. पावणेएक झाला. माझ्या पायांना मुंग्या येऊन येऊन ते बधिर झाले होते. आप्पा खुर्चीतून उठले आणि आत गेले, आणि मी मनात म्हटलं, झालं, माझ्यासमोर बसायचंसुद्धा टाळतायत. मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा हातपाय ओले होते, डोक्यावर टोपी होती.

ते माझ्या उजव्या बाजूला आले. भिंतीला धरून एक गुडघा वाकवला. तोंडातून आवाज काढला नाही, पण ओठ पांढरे पडले होते. मग दुसरा वाकवला आणि पाटाच्या कडेवर माझ्या शेजारी टेकले.

"सरक," म्हणाले. "पुरती उठू नगं. आदी मला बसू दे."

मी सरकले. ते सरकले. एक क्षण आम्ही दोघं त्या एवढ्याशा पाटावर दाटीवाटीनं बसलो होतो. मग त्यांनी माझ्या हातातलं पान धरलं.

"बदली आली की पहाऱ्यावरचा संत्री जातो. पोस्ट रिकामी ऱ्हात न्हाई. जा आता, गाडी चुकंल."

"तुम्हाला उठता येणार नाही आप्पा. गुडघे..."

"मला कुटं जायचंय?"

मला उभंच राहता येईना. काकूनं धरून उभं केलं, न्हाणीकडं नेलं, पिशवी खांद्याला अडकवली. फाट्यापर्यंत मी लंगडत पळाले. एसटीत बसल्यावर पहिला फोन तात्यांना. या वेळी त्यांनी लगेच उचलला.

"तात्या, आप्पा पाटावर बसलेत."

"कवापास्नं?"

"आत्ताच. खाली, मांडी घालून. रुमाल येईपर्यंत उठायचे नाहीत. आणि तुम्हाला ये म्हणायचे नाहीत. तुम्ही त्यांचे भाऊ, मला काय सांगायचं?"

फोन बंद झाला. मी पुन्हा लावला नाही. खिडकीला डोकं टेकून रडले थोडी. कंडक्टरनं तिकीट फाडून दिलं आणि पुढं गेला. कराडच्या अलीकडं पलीकडं कुठंतरी, पोराच्या गाडीतून गावाकडं निघालेले तात्या माझ्या एसटीच्या शेजारून गेले असणार. मला तेव्हा ते माहीत नव्हतं. माझं लक्ष घड्याळाकडं होतं. सांगलीत उतरले, रिक्षा केली, पाच वाजायला दहा मिनिटं असताना ऑफिसात शिरले. कारकुनानं कागद उलटेपालटे केले, दाखल्याची झेरॉक्स कुठाय म्हणाला. ती आप्पांच्या खिशात होती. मूळ दाखला देऊन समोरच्या दुकानातून दुसरी काढून आणली. सही झाली तेव्हा सव्वापाच झाले होते. शिक्का मारताना तो म्हणाला, "मॅडम, एवढ्या शेवटच्या दिवशी?"

बाहेर पायऱ्यांवर आले आणि फोन वाजला. आप्पांचा. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत.

"झाली का सही?"

"झाली. तुम्ही?"

"तात्या आलाय. वाचलं. आंगटी दावली, आन् तसंच बसून पार सुटकंपातुर वाचलं. दोघांनी मिळून." त्यांचा आवाज बसलेला होता. "मला उटवाय तिघं लागली."

मी हसले. ते हसले नाहीत.

"तात्या एक बोलला," ते म्हणाले. "तुज्या आईला त्या साली पाडव्याच्या आदी त्यानंच सांगलीच्या डाक्टरकडं नेलती. डाक्टरनं सांगितलंतं त्याला, म्हैना काडंल न काडंल. तिनं त्याला शपत घातली, पारायन हुईस्तवर तुमच्या दादास्नी सांगू नगासा. त्यो गप ऱ्हायला, आन् पारायन झाल्यावबी त्याला धीर झाला न्हाई. मी पाटावरनं उटलो तवा तिचं आदीच ठरलंतं. मग दहाव्याला त्याच्या तोंडातनं तसं गेलं. आपुन गप ऱ्हायलो ह्येचा त्याला लय तरास झालता, म्हनं, कुनावर तरी काडायचा हुता. अकरा वर्सं त्याला त्ये माज्या तोंडावर सांगायचं हुतं, आन् मी त्याला दारात हुबा करत नव्हतो."

मला बरं वाटायला हवं होतं. मला राग आला. अकरा वर्षं आप्पा रोज एका मोटरीच्या बटणापायी बायकोला मारल्यासारखे जगले. त्यांच्या ताटात मी दोन वेळा जेवण वाढत होते आणि ते बघत होते. तात्यांना एक पत्र लिहिता आलं नसतं? आप्पांना एकदा डॉक्टरचा कागद वाचता आला नसता? पण पलीकडं दोन म्हातारे एका फोनला कान लावून बसले होते, तात्यांचा श्वास मला ऐकू येत होता, आणि मी तो राग तिथंच गिळला.

"म्हंजी," आप्पा म्हणाले, "तू सकाळी उटली आस्तीस तरी कायबी झालं नसतं."

"मला ठाऊक होतं आप्पा."

"ठाऊक हुतं?"

"हो."

रस्त्यावर शाळा सुटल्यासारखी गर्दी होती, मी दुसऱ्या कानावर हात धरला.

"मग येवडा येळ बसलीस कशाला गं?"

"तुम्ही समोर बसला होता म्हणून," मी म्हटलं.